केकवरची फुलं कोणाची

९ जुलै
कारवीच्या फुलाचा कटर ओला! पत्र्याच्या कटरला मी पाणी लावत नाही, गंज धरतो. कोरड्या ब्रशने झटकायचा आणि डब्यात ठेवायचा. घरात त्याला हात लावणाऱ्या दोघीच, मी आणि धाकटी जाऊ मनीषा. ती केक भाजते, मी वरची फॉन्डंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या पिठाची फुलं करते. विचारलं, तर म्हणे, "मी कशाला घेऊ ताई?" बोलताना नजर ओट्यावर.

११ जुलै
खंडाळ्याच्या बंगल्यातल्या बाईंनी वाढदिवसाचे फोटो पाठवले. "फुलं अप्रतिम!" बघते तर फुलाच्या मधोमध पांढरा ठिपका. मी पिवळा देते, नेहमी. फुलांचा डबा वेगळा नेऊन तिथे केकवर लावते ती मनीषाच. मग माझी फुलं गेली कुठे? कोणाच्या केकवर?
खंडाळ्याची गिऱ्हाइकं मी एकेक करून जोडलीत. आमच्या जाऊबाईसाहेब वेगळा धंदा मांडून ती घेऊन गेल्या, तर मला उरतं काय?

१३ जुलै
काल कटरच्या डब्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून ठेवलं. आज बोटं उमटलेली. सासूबाईंना आडून विचारलं. "पहाटं उटून कायतरी लाटीत व्हती. म्या न्हाई इचारलं. तुमचं तुमी बगा."
ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, पोलिसात भरती हो. माझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही ह्या घरात.

१४ जुलै
दुपारची जेवणं झाल्यावर मनीषाला सरळच विचारलं. "वेगळा धंदा काढायचाय का तुला?"
म. म्हणाली, "ताई, तुमची फुलं खंडाळ्याला पोचेपर्यंत माना टाकतात. तिथल्या धुक्यात मऊ पडतात. मी घट्ट व्हायची पावडर जास्त घालते, ओव्हनच्या उबेला सुकवते आणि तुमच्याऐवजी ती नेते."
"मग मला सांगितलं का नाहीस?"
"तुम्हाला? मागे क्रीम जास्त गोड झालंय म्हटलं, तर आठवडाभर अबोला धरलात."
खोटं. निदान अर्धं तरी. मग मी बोलले, नको तेही बोलले. संध्याकाळी ती बॅग भरून बेगडेवाडीला, माहेरी.

१६ जुलै
स्वतः बघितल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. ऑर्डर नसताना माझी फुलं डब्यात घालून स्कूटरवरून खंडाळ्याला गेले. धुकं इतकं की समोरचं दिसेना. टपरीवर चहा सांगितला, डबा उघडला. पाकळ्या एकमेकींना चिकटून सगळ्याचा लगदा. चहावाला डोकावला, "काय हाय हे, मावशी? हलवा का?" तिथेच रडू आलं.
म्हणजे एवढे दिवस कौतुक झालं ते...
तरीही. माझी चूक झाकायचीच होती तिला, तर ठिपका पिवळा द्यायचा. स्वतःची खूण कशाला ठेवायची?

१७ जुलै
बंगल्यातल्या बाईंचा फोन. रविवारी नातीचं बारसं. "मागच्यासारखीच फुलं हवीत हं." हो म्हणून बसले.
दिवसभर पीठ मळतेय, पावडर कमी-जास्त करतेय. एक तर चिरतात, नाहीतर मान टाकतात. शेवटी म.ला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. 'ये' म्हणू, की 'शिकव' म्हणू? 'ये' त्यातल्या त्यात सोपं.
परत लावला. पूर्ण रिंग गेली, उचलला नाही.
कामात असेल. की माझं नाव बघून मुद्दामच टाळतेय?