पहाटेची खिडकी

मंगळवार, डिसेंबर. संध्याकाळचे साडेसात.

आप्पांचा दमा पुन्हा वाढलाय, म्हणून आज डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "वडिलांच्या खोलीची खिडकी कधी उघडता?" मी कौतुकाने सांगितलं, पहाटे साडेपाचला, ताजी हवा मिळावी म्हणून. त्या म्हणाल्या, थंडीत पहाटेचीच हवा सगळ्यात वाईट. खाली गार हवा आणि वर गरम हवेचं झाकण. कंपन्यांचा धूर, ट्रकांचा धूर, जाळलेला कचरा, सगळं रात्रभर खालीच साचतं. ऊन चढलं की मग कुठे हलतं.

म्हणजे दोन हिवाळे मीच, माझ्या हाताने... आणि उठायला उशीर झाला तर धावत जाऊन उघडायचे ती खिडकी.

आप्पांनी दिघ्यातल्या कंपनीत जन्मभर बॉयलर चालवला. लहानपणी मी विचारायचे, एवढा धूर जातो कुठे? ते चिमणीकडे बोट दाखवायचे. "वर जातो. म्हणून तर एवढी उंच बांधलीय." आता त्यांना ते झाकण कुठल्या तोंडाने सांगू?

घरी येऊन खिडकीला कडी घातली, फटीत जुना टॉवेल कोंबला. आप्पा बघत होते. "का गं?" मी म्हटलं, डास येतात.

थोड्या वेळाने दम खात म्हणाले, "पहाटे उघड मात्र. धुकं असतं ना, आपल्या गावासारखं."

मी हो म्हटलं, आणि टॉवेल अजून आत दाबला.