पलीकडच्या वाडीवरची रेघ

प्रिय सुगंधा,

"गणपतकाकानू, होडी हाडाऽऽ!" खाडीपलीकडून येणारी तुझी ती हाक अजून कानात आहे. पुस्तकातल्या कवितेच्या चालीवर तू होडीवाल्याला हाकारायचीस, आणि अलीकडे मी शाळेच्या पायरीवर, घंटा द्यायची विसरून, ऐकत राहायचो. आता तूही पन्नाशीला टेकली असशील.

माझी नात तन्वी, म्हणजे भक्तीची मुलगी, पुण्यात संगणकावर संशोधन करते. अटी पुष्कळ आणि पर्याय हजारो, तर त्यांतून सगळ्या अटींत बसणारा कसा शोधायचा, हा तिचा विषय. परवा शाळेच्या पंच्याहत्तरीचं वेळापत्रक लावताना मला म्हणाली, "आजोबा, एकेक तास कसला तपासताय? आधी दिवस, मग सकाळ-दुपार, मग तास, अशी उतरंड करा. दुपारचा एकही तास बसत नसेल तर अख्खी दुपार एका रेघेत खोडा. पण आतला एक जरी बसत असेल, तर खोडायची नाही हां. उघडून बघायची." माझी पेन्सिल तिथेच थांबली.

मीही अशीच एक रेघ ओढली होती गो. कुडाळच्या काव्यवाचन स्पर्धेला एकच मूल न्यायचं होतं. एसटी सकाळी सहाची, पहिली होडी सातची. मी वाडीवार नावं मांडली आणि पलीकडची अख्खी वाडी खोडली. त्या एका रेघेत अकरा मुलं गळली, त्यांत तूही. तू म्हणालीस, "गुरुजी, माका सगळी पाठ आसा." मी तुला होडीची वेळ सांगितली. सुगंधा, तुझी आत्या माझ्या परसामागेच राहायची. एक रात्र तू तिच्याकडे झोपली असतीस. मला ते ठाऊक होतं. तरी उघडून पाहिलं नाही, कारण तू नसलीस की पुढचं नाव माझ्या भक्तीचं होतं. तिने ढाल आणली. तू मात्र हाक मारणंच सोडलंस. गणपतचं लक्ष जाईपर्यंत काठावर गप्प उभी राहायचीस.

येत्या रविवारी पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात त्या ढालीसाठी भक्तीचा सत्कार आहे. तिला यातलं काही माहीत नाही. मी तिथे उभा राहून सगळं सांगणार आहे. ते आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. क्षमा मागायचा तर मला हक्कही—

दारात रिक्षा थांबली. भक्ती! शनिवारी यायची होती, आज कशी? "बाबा, कोणाक पत्र लिवतास?" विचारत चपला काढतेय. हात कागद पालथा घालायला गेला होता. नाही घालत. तिच्याकडे फिरवून ठेवतो.

तुझा अपराधी,
गुरुजी