नदीत सोडायची पाग

॥ श्री ॥
मानपाडा, डोंबिवली
१२ जानेवारी १९८९

चि. तुळसा हिस मालनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दामाजीराव जाऊन अख्खा पावसाळा उलटला. तू एकदाही मोठ्याने रडली नाहीस, खाडीकडे फिरकली नाहीस, घरात मासळी शिजवली नाहीस. नुसती नवऱ्याचं ते फेकायचं जाळं, ती पाग, मांडीवर घेऊन बसतेस. अशीच राहिलीस तर तूही हातची जाशील, अशी धास्ती वाटते गं.

आमच्या शेजारच्या विमलाबाईंची मुलगी गेली, तेव्हा त्या बदलापूरजवळच्या एका शिबिराला गेलेल्या. नदीकाठी चार दिवस राहायचं. तिथल्या बाई सगळ्यांचं ऐकून घेतात. गेलेल्या माणसाची एखादी वस्तू न्यायची आणि शेवटच्या दिवशी नदीत सोडायची, म्हणजे मन मोकळं होतं म्हणे. तुझं नाव मी देऊन टाकलंय. पाग घेऊन जा. जेवण शाकाहारी आहे, तोंड वाकडं करू नकोस. कल्याणपर्यंत मी सोबत येईन. रागाव, पण जा.

तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,
मालनताई

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
३ फेब्रुवारी १९८९

ती. मालनताईस तुळसाचा सा. न. वि. वि.

परवा शिबिराहून आले. पहिले तीन दिवस मी तोंड उघडलं नाही आणि बाईंनीही खोदून विचारलं नाही. माझ्या खोलीतल्या ठमाबाई भावाचा चष्मा घेऊन आलेल्या. तो पाण्यात सोडताना त्या हमसून रडल्या. त्यांच्यानंतर माझी पाळी.

बाई म्हणाल्या, आठवण काढा आणि अलगद सोडून द्या. पण ताई, पाग घेऊन पाण्यात उभं राहिल्यावर आपला हात कुणाचं ऐकतो का? लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी मला हौसेने शिकवलेलं. दोरी मनगटाला कधी गुंडाळली ते कळलंच नाही. अशी फेकली की पुरती गोल उघडली. मग सवयीने ओढली, तर आत तीन-चार मासे फडफडताहेत. शाकाहारी शिबिराच्या दारात, बघ.

बाईंनी विचारलं, पाग का सोडली नाहीत. मी म्हटलं, आमच्यात पाग टाकतात ती परत ओढायलाच. पाण्यात टाकून घरी आले असते तर हे काय म्हणाले असते? एवढं बोलले आणि माझा बांध फुटला. ओल्या पागेत तोंड खुपसून मी आपल्या कोळीवाड्यात रडतात तशी गळा काढून रडले. बाई साडीसकट माझ्या शेजारी पाण्यात बसल्या.

मासे मात्र नदीत सोडले. काहीतरी सोडायचं होतंच ना.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं असेल तर समोर येऊन रागाव.
तुझी तुळसा

ठाणे, २० फेब्रुवारी १९८९

ती. मालनताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाग घरातच राहिली तर दुःख जाणार कसं, ही तुझी काळजी. ताई, ते जायचं नाही. पण आज भरतीला मी पाग घेऊन खाडीत उतरले. बोयटं मिळाली. ह्यांना आवडायचं तसं झणझणीत कालवण केलं. पहिला घास घशाखाली उतरेना. दुसरा उतरला.

रविवारी पुन्हा जाणार आहे. भाऊजींना घेऊन जेवायला ये. एकटीपुरती पाग टाकायला ह्यांनी शिकवलेलं नाही मला.

माया आहे तशी असू दे.
तुळसा