दांड्यावर भार टाकू नका

४ मार्च, मंगळवार

बाबागाडी घ्यायचं ठरलं. मीच ठरवलं. कारण खोटं सांगितलं.

सांगितलं ते असं – बाळ आता आठ महिन्यांचं, सकाळचं ऊन मिळायला हवं, कडेवर घेऊन किती फिरणार! मुलगा म्हणाला, "आईला आधी लायसन्स काढायला लागेल." सून म्हणाली, "आम्ही दोघं कामावर. फिरवणार तुम्हीच, तर निवडाही तुम्हीच. नंतर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत!" दोघं हसली. मीही हसले.

खरं कारण इथे लिहिते. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांची गाडी क्षणभर धरायला दिली. दांडा हातात आला आणि मी चालले – थेट फाटकापर्यंत. डावा पाय घासला नाही. निदान ऐकू आला नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी या वहीच्या मागच्या कप्प्यात आहे. 'काठी वापरावी. मूल उचलून चालू नये.' जानेवारीची तारीख. घरात कुणाला दाखवलेली नाही.

५ मार्च, बुधवार

काठी. आणि मी!

६ मार्च, गुरुवार

एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. मैदानावर चुन्याची रेघ. डोक्यावर पुस्तक ठेवून पोरांनी तिच्यावरून चालायचं. जो वाकेल त्याच्या सदऱ्यात मागून, कॉलरमधून लाकडी फूटपट्टी खुपसायची. शाळा सुटेपर्यंत तशीच. मुलं मला पट्टीबाई म्हणत. मला ते माहीत होतं. आवडायचं.

आता कळतंय, चुन्याची रेघ किती अरुंद होती ते.

८ मार्च, शनिवार

सुनेबरोबर दुकानात. तळमजल्यावर कपडे, वर पाळणे आणि गाड्या. जिना मी कठड्याला हात न लावता चढले. सून पुढे होती, तिनं पाहिलंही नाही. कुणासाठी केलं मग?

गाड्या दाखवायला आला तो चाळिशीचा, पाठीत वाकलेला. "बाई! ओळखलंत?"

"हो हो," म्हणाले. ओळखलं नव्हतं. वरच्या फळीवरची गाडी काढायला तो वळला. पाठमोरा दिसला आणि ओळखलं.

स्वल्पविराम.

नाव मीच ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा म्हणाले होते – "आला बघा स्वल्पविराम. इथे जरा थांबा!" वर्ग हसला. तोही हसला. वर्षभर पट्टी त्याच्याच पाठीत. पाठीचं काही दुखणं असेल असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आळस वाटायचा. खरं नाव काही केल्या आठवेना. दुकानात तासभर त्याला नुसतं 'अरे' म्हणत राहिले.

त्यानं एक चारचाकी पुढे केली. रुंद, जड, दांडा गच्चीच्या कठड्यासारखा. "बाई, ही बघा. तुमच्यासाठी ही बरी. रेलून चाललं तरी हलत नाही."

बोलताना त्याची नजर माझ्या डाव्या चपलेवर होती. एका बाजूनं झिजलेली.

"माझ्यासाठी कशाला? गाडी बाळाला हवीय!"

कोपऱ्यात एक तीनचाकी होती. निमुळती, पुढे एकच चाक. मागच्या भिंतीवर तिच्याबरोबर पळणाऱ्या तरुण मुलीचं चित्र. मी तिकडे बोट दाखवलं.

"चांगलीच आहे," तो म्हणाला. "पण बाई, हिच्या दांड्यावर भार टाकायचा नाही. पिशवीसुद्धा अडकवायची नाही. हलकी आहे, मागे उलटते."

"आई, चारचाकीच घेऊ या का?" सून म्हणाली.

"तीनचाकी."

या आवाजानं एके काळी अख्खं मैदान गप्प व्हायचं. दोघं गप्प झाली. त्यानं खाली बसून ब्रेक दाखवला, पट्टे दाखवले, उतारावर पुढचं चाक सरळ ठेवायचा खटका दाखवला. निघताना पुन्हा म्हणाला, "भाराचं तेवढं लक्षात ठेवा, बाई." सगळ्यांदेखत नाही. जिन्यापाशी, हळू.

त्यानं चारचाकी कुठल्याही दुसऱ्या शब्दांत सुचवली असती तर मी घेतली असती. म्हणजे 'तुमच्यासाठी' हा शब्द मला बाळापेक्षा मोठा झाला.

९ मार्च, रविवार

दिवसभर घरातच गाडी फिरवली. मुलगा म्हणाला, "बाळाला दे की कधीतरी खेळायला!"

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी आठ ते नऊ. फाटक, औषधाचं दुकान, ग्रंथालय, परत. बाळाचं तोंड पुढे असतं, मला त्याच्या डोक्यावरचा फक्त भोवरा दिसतो. कुत्रं दिसलं की भोवरा हलतो. दिवसातला हा एक तास माझा आहे. बाकीचे तास कसे जातात ते लिहिण्यासारखं नाही.

औषधवाल्याची बायको आज म्हणाली, "या वयात काय ताठ चालता हो! नाहीतर आमच्या सासूबाई." मी मान डोलावली. मान डोलावली!

दांड्यावर स्पंज आहे. डावीकडे तो दबायला लागलाय. माझ्या तळहाताएवढा खळगा. रोज घरी आल्यावर बोटांनी दाबून फुगवते.

१७ मार्च, सोमवार

खळगा आता फुगत नाही.

२० मार्च, गुरुवार

सगळं लिहिते.

ग्रंथालयापुढचा चढ. वर पोचता पोचता डावा पाय नव्हताच – होता, पण माझा नव्हता. मी सगळीच्या सगळी दांड्यावर आले. पुढचं चाक वर गेलं. गाडी मागे आली आणि आम्ही दोघं खाली. बाळ पट्ट्यांत बांधलेलं, पाठीवर, तोंड आभाळाकडे. क्षणभर गप्प. मग रडलं. एवढं मोठं रडू त्याच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

पोस्टमन धावत आला. गाडी उभी केली. "आजी, तुम्हाला कुठं लागलं का?"

"मला काय झालंय!" त्याच्यावर खेकसले. बिचारा.

बाळाच्या डोक्यामागे टेंगूळ. भोवऱ्याच्या जरा खाली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. सून कामावरून तशीच धावत आली होती, एका कानात डूल, एक कान रिकामा.

"झालं काय?" मुलानं विचारलं.

"चाक अडकलं."

हे शब्द आधी बाहेर पडले. मला नंतर कळले.

"नवीकोरी गाडी! बघतोच त्यांच्याकडे."

तेव्हा सांगता आलं असतं. बाळ सुनेच्या खांद्यावर हुंदके देत होतं. सांगितलं तर सकाळचा तास गेला – एवढंच डोक्यात आलं. टेंगूळ त्याला, आणि विचार माझ्या तासाचा.

२१ मार्च, शुक्रवार

मुलगा दुकानात. मलाही नेलं – साक्षीदार!

तो मॅनेजरसमोर ओरडत होता. स्वल्पविराम गाडीपाशी खाली बसला. पुढचं चाक बोटानं फिरवलं. फिरलं. आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग तो उठला, दांडा धरला आणि त्याचा हात त्या खळग्यावर आला. तिथेच थांबला. माझ्याकडे एकदा बघितलं.

"बरोबर आहे, साहेब," तो मुलाला म्हणाला. "चाकात दोष आहे. देताना मीच नीट तपासलं नाही."

हात त्यानं खळग्यावरून काढला नाही. कुणाला दिसू नये म्हणून.

मॅनेजर त्याला सगळ्यांदेखत बोलला. मी तिथेच होते. ताठ उभी.

२५ मार्च, मंगळवार

दुरुस्त झालेली गाडी सून घेऊन आली. जेवताना सांगत होती, "तो वाकलेला माणूस आता वर नसतो. गोदामात टाकलाय, खोकी उचलायला. तशा पाठीनं! पण चूक केली तर भोगायला नको का?"

"चटणी वाढ," मी म्हणाले.

२६ मार्च, बुधवार

बाळाला फिरवलं नाही. पाय दुखतोय म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलले आणि कुणी मनावर घेतलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

बाळाला खालच्या बाईंकडे ठेवून दुकानात गेले. भिंती धरत. जिना कठडा धरून चढले, दोन्ही हातांनी.

मॅनेजरला म्हणाले, "गाडीत दोष नव्हता. मी दांड्यावर रेलले. तुमच्या माणसानं मला दोनदा बजावलं होतं."

"कोणत्या माणसानं? इथे बाराजण आहेत. नाव सांगा."

नाव! मी उभी. तो पेन उघडून बसलेला. "माझा विद्यार्थी होता," म्हणाले.

"असेल हो. पण नाव?"

शेवटी मी हात वर केला आणि बोट वाकवून दाखवलं.

"अय्या, तो होय!" शेजारची मुलगी हसली. हसणार नाही तर काय करणार? वर्गसुद्धा असाच हसला होता.

त्याला गोदामातून बोलावलं. केसांत धूळ. "बाई, तुम्ही आधी बसा," म्हणून एक खोकं पुढे सरकवलं. मी बसले. त्याच्यासमोर पहिल्यांदाच मी बसलेली, तो उभा.

"कशाला सांगितलंत?"

"तू कशाला खोटं बोललास?"

"तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या होतात ना." केसांतली धूळ झटकत म्हणाला, "मला माहितीये ते कसं असतं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

मी म्हणाले, "तुझ्या पाठीचं तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर..."

"आईनं चिठ्ठी दिली होती, बाई. मणक्याचं लिहिलं होतं. मीच आणून दिली होती तुमच्या हातात."

"मला मिळाली नाही."

"नसेल," तो म्हणाला.

त्या दिवशी 'चाकात दोष आहे' म्हणाला होता ना – अगदी त्याच आवाजात.

नाव विचारायचं राहूनच गेलं. राहिलं नाही. धीर झाला नाही.

संध्याकाळी घरी सांगितलं. मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला. सून म्हणाली, "डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा." दाखवली. तिनं उभ्यानं वाचली.

"जानेवारीची आहे ही."

"हो."

"रोज त्याला कडेवर घेऊन जिना उतरत होतात, आई!"

मग माझ्या मांडीवरून तिनं बाळाला घेतलं. हिसकावलं नाही. हळूच घेतलं. तेच जास्त लागलं.

२८ मार्च, शुक्रवार

मला मिळालीच नव्हती. पालकांची एकही चिठ्ठी मी कधी फेकली नाही, गठ्ठे बांधून पेटीत ठेवल्यात. मिळाली असती तर पेटीत असती.

२९ मार्च, शनिवार

मुलानं काठी आणली. खाली रबराचं बूच. "रंग चालेल ना?" एवढंच बोलला.

गाडी तीच ठेवली. सून म्हणाली, "गाडीत काही दोष नाहीये." आज सुट्टी म्हणून दांडा तिनं धरला, मी बाजूनं. आता शनिवार-रविवार तेवढेच. औषधवाल्याची बायको काठीकडे बघून आत गेली. बाजूनं चाललं की बाळाचं तोंड दिसतं – हे आजच कळलं. चढावर सूनबाई थांबली. "सावकाश," म्हणाली. कुणाला म्हणाली ते विचारलं नाही.

स्वल्पविराम पुन्हा वरच्या मजल्यावर आलाय. सून पाहून आली.

३० मार्च, रविवार

मुलाकडून माळ्यावरची पेटी काढून घेतली. स्वल्पविरामाच्या वर्गाचा गठ्ठा सापडला.

चिठ्ठी आहे. चौकोनी घडी, आईचं ठळक अक्षर. पहिल्याच ओळीत त्याचं नाव, पूर्ण. मणक्यात दोष आहे, डॉक्टरांनी पाठीला काही बांधू नये असं सांगितलंय, बाईंनी कृपा करून सांभाळून घ्यावं. तारीख शाळा उघडल्याच्या आठवड्यातली.

खाली लाल शाईत एक शब्द आणि सही. अक्षर माझं.

'पाहिले.'