माझ्या वाटेत भिंत आलीच नाही

बाबा, डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. सकाळपासून खुर्चीत बसवत नाही, उठून खिडकीपाशी जाते आणि परत येते. आपल्या भिलाईत कारखान्याचं एक छोटं संग्रहालय झालंय आणि त्याचं काम माझ्याकडे आहे. आलेल्या माणसाला दारातच त्याच्या हातातला फोन विचारतो, तुम्हाला काय आवडतं? यंत्रं, खेळ, खाणं, रेल्वे? मग जशी आवड तशी तो वाट दाखवतो, कानात गोष्टी सांगतो. रेल्वेवाल्याला रूळ, खवय्याला कँटीन. परवा दुर्गहून शाळेच्या मुली आल्या होत्या, निघायचं नाव घेईनात. मीही खूश होते, गेल्या रविवारपर्यंत.

आतल्या दालनात एक भिंत आहे. पाळीवर गेले आणि घरी परतले नाहीत, त्यांचे फोटो तिथे आहेत. तुमचाही. पण फोन तिथे नेतो तो फक्त ‘कामगारांचं जीवन’ निवडणाऱ्याला, आणि ते निवडतं कोण? रविवारी तुमची नात आली. तिनं ‘खेळ’ निवडलं, हॉकीच्या जुन्या काठ्या पाहिल्या, हसत बाहेर आली. मी विचारलं, “आजोबाचा फोटो पाहिला का वो?” तर म्हणते, “कौनसा फोटो, मम्मी? मेरे में तो आया ही नहीं.” तिच्यावर काय रागावणार? ती वाट मीच आखलेली.

तेव्हापासून ती विश्वकर्मा पूजा डोक्यातून जात नाही. त्या दिवशी घरच्यांना कारखान्यात जाऊ द्यायचे. आई नव्या साडीत, मी तुमचं बोट धरून, आणि डोक्यात एकच, लाल लोखंड वाहताना पाहायचं. तुम्ही मात्र आधी भट्टीमागच्या लोखंडी जिन्यापाशी नेता. खाली झेंडूची फुलं पडलेली आहेत. तुमचे जोडीदार काका तिथूनच पडून गेले होते. मी पाय आपटते, “मले लाल लोखंड पाहाचं आहे!” तुम्ही वळूनही बघत नाही. “पाहशीन ना, पोरी. पयले हात जोड. काकाले भेटल्याबिगर समोर नाई जाचं.” असा राग आला होता तुमचा! लोखंड कसं दिसलं ते आता नीट आठवत नाही, जिना मात्र आठवतो.

म्हणून काल साहेबांशी भांडले. म्हटलं, आवड कोणतीही असो, फोननं प्रत्येकाला भिंतीपाशी आणलंच पाहिजे. ते म्हणाले, “मॅडम, लोग घूमने आते हैं. जबरदस्ती कैसे करेंगे?” त्यांचंही काही चूक नव्हतं, म्हणून मी जास्तच चिडले. आवाज इतका चढला की बाहेरचा चहावाला दारातच थबकला. शेवटी साहेब तयार झाले, पण ज्याला थांबायचं नसेल त्याच्यासाठी ‘पुढे चला’ असं बटण ठेवायचं ठरलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, असलं बटण दाबायला कुणाचा हात धजेल?

आज सकाळी ते चालतं का पाहायला मीच आधी गेले. ‘खाणं’ निवडलं. कँटीनच्या मोठ्या पातेल्यांपासून फोननं मला बरोबर भिंतीपाशी आणून उभं केलं. कानात मीच लिहिलेलं वाक्य आलं, “इथे थोडं थांबा.” मी वर पाहिलं. बाबा, किती लहान दिसता हो तुम्ही त्या फोटोत! माझ्याहून लहान. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांएवढे. तुम्ही गेलात याचं रडू मी कधीच रडून घेतलं होतं. पण तुम्ही या वयात गेलात, हे मला आजवर कळलंच नव्हतं. तिथे उभं राहवेना.

बाहेर साहेब उभे होते. “चल रहा है न?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, एकदम बरोबर चालतंय. खोटं नव्हतं ते, बटणही चालत होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. ते बटण सगळ्यात आधी मीच दाबलं, बाबा.