आईचं ‘अगं बाई’

४ मार्च
चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.
आईला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात हलत नाही आणि शब्द सगळे गेले. उरलंय एकच, ‘अगं बाई’. पाणी हवं तरी तेच, कूस बदलायची तरी तेच. काल मला कळेना, तेव्हा तिने भांडं ढकलून दिलं आणि मग रडत बसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की कधीकधी असे उद्गार तेवढे शाबूत राहतात. तू ऐकू न येणाऱ्यांसाठी सिनेमाची सबटायटलं करतोस, किंकाळ्यासुद्धा लिहितोस म्हणे. मग आईचं बोलणं मला उलगडून दे. वेळेवर जेव.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. किंकाळी लिहिताना मी एवढंच बघतो: घाबरलेला माणूस शब्द तोडतो, दुखणारा लांबवतो, चकित झालेला शेवट वर नेतो. आई ‘अगंबाई’ झटकन म्हणते की ‘अगंऽऽ बाई’, ते ऐक. तू तिखट कानाची. माझं चोरून खाणं तुला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. रजा अडवलीय, महिनाअखेर येतोच. तिला माझा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा ढब्बू

१९ मार्च
चि. ढब्बूस आशीर्वाद.
जमायला लागलं. झटकन म्हणाली की तहान, ‘गं’ लांबला की हात ठणकतोय. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर खाण्याच्या चोरीपाशी तिचं ‘बाई’ थेट वर गेलं. चक्क हसली रे. लवकर ये.
तुझी ताई

९ एप्रिल
चि. ढब्बूस आशीर्वाद.
आईच्या दिवसांना तू येऊन गेलास, पण घरभर माणसं होती, सांगणं झालं नाही. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती एकदम ‘आई’ म्हणाली. मला वाटलं दुखतंय. उशी सारखी केली, हात चोळला. पुन्हा ‘आई’. लांबवलेलं नाही, तोडलेलं नाही. शाळेतून आलेलं पोर दारातून विचारतं ना, तसं. ती कण्हत नव्हती, हाक मारत होती. आजीला जाऊन किती वर्षं झाली. कुणी उत्तर देईना, तसा तिचा चेहरा कावराबावरा झाला. शेवटी मीच ‘ओ’ दिली.
तिने माझा हात गालाखाली ओढून घेतला आणि डोळे मिटले.
तुझी ताई