एका माणसाची गुरुवारची सभा

दिनांक : ११ ऑगस्ट १९९७

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
सागरदीप समाजमंदिर,
सेक्टर १०, नेरूळ, नवी मुंबई.

विषय : दर गुरुवारची सायंकाळी सातची सभा बंद न करणेबाबत व हजेरीवही काढून घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या फलकावरील दि. ८ ऑगस्टची सूचना.

महोदय,

एकच माणूस आला तर तिला सभा म्हणता येते का? हा प्रश्न आपणास विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणी मोनाली व जाई यांनी लावली होती. साहेबांपुढे तुझी बोबडी वळेल, असं जाईचं म्हणणं. वळलेली नाही, सबब लिहिते.

१. मी इयत्ता दहावीत शिकते. माझे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार आहेत. त्यांनी जानेवारीपासून दारू घेतलेली नाही. आपल्या हॉलमध्ये दारू सोडलेल्या माणसांची जी सभा भरते तिच्यामुळे हे घडलं, हे प्रथम नमूद करते.

२. ही सभा आम्हाला सहज सापडली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "सेक्टर १०, समाजमंदिर, गुरुवार सात" एवढंच लिहिलं. आता सेक्टर दहा वाशीलाही आहे आणि कोपरखैरण्यालाही आहे. पहिल्या गुरुवारी पप्पा वाशीला जाऊन कुलूप बघून आले. दुसऱ्या गुरुवारी कोपरखैरण्याला कुणाच्या तरी हळदीत शिरले आणि जेवून आले. तिसऱ्या गुरुवारी मी सोबत गेले. बोर्ड इथेही नव्हता. आपले वॉचमन भगवानमामा म्हणाले, "चपला बघ पोरी. जिथं रांगेन लावल्यान ती दारू सोडलेल्यांची खोली. पिलेला मानूस अशा लावल काय?" अकरा जोड होते. पप्पांनी बारावा लावला, आणि पुन्हा वाकून सरळ केला.

३. तिथे माणूस आडनाव सांगत नाही. "मी अमुक, मी दारुडा आहे," असं उभं राहून म्हणायचं आणि बाकीच्यांनी "नमस्कार, अमुक" म्हणायचं, ही त्यांची रीत. जूनमध्ये आपल्या कार्यालयाने दाराशी हजेरीवही ठेवली : पूर्ण नाव, पत्ता, सही. बँकेतले एक काका ती बघून दारातूनच वळले. पुढच्या गुरुवारी सात जोड, मग तीन, मग एक. पप्पांनी मात्र सही केली. म्हणाले, "मला पडलेलं समद्या मार्केटानं बघितलंय. उभा हाय ते लिवायला कसली लाज?" जुलैपासून वहीत एकट्या त्यांचीच सही आहे. आणि आता आपली सूचना, की पाचाहून कमी माणसं येत असल्याने १ सप्टेंबरपासून हॉल मिळणार नाही. म्हणजे साहेब, वहीमुळे माणसं गेली, आणि माणसं गेली हे वहीवरूनच सिद्ध झालं.

४. मी बाहेर पायरीवर बसून बीजगणित सोडवते. खिडकी उघडी असते. पप्पा अजूनही बारा खुर्च्या मांडतात. साडेसातपर्यंत दाराकडे बघतात. मग उभे राहतात, नाव सांगतात, दारुडा आहे असं सांगतात आणि थांबतात. अकरा माणसांना नमस्कार म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबतात. मग बसतात. आठ वाजता खुर्च्या परत एकावर एक रचतात आणि माझ्या दप्तराला हात घालून म्हणतात, "झालं का गं गणित?" मला खिडकीतून उत्तर देता आलं असतं. पण आमच्याकडे मुलगी बापाचं नाव तोंडाने घेत नाही, आई तर उखाण्यातही लाजते. तेच नाव मी शाळेच्या प्रत्येक वहीवर माझ्या नावाच्या मधोमध लिहिते, हे परवा गाइडला कव्हर घालताना लक्षात आलं.

मार्केटच्या गेटापासून आमच्या दारापर्यंत तीन बार लागतात. गुरुवारी सातला उघडं असणारं चौथं दार आपलं आहे.

५. सबब विनंती अशी. मंगळवारच्या शिवणवर्गाला हजेरीवही नाही. तिथे फॉर्मवर जबाबदार व्यक्ती म्हणून एकट्या सुनीतीबाईंचं पूर्ण नाव चालतं. तसंच आमच्या सभेसाठी एकच नाव घ्यावं, ते माझं, आणि वही उचलावी. बँकेतले काका मला स्टेशनवर दिसले होते. ते म्हणाले, "वही गेली की कळव." त्यांचं नाव मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. मी सोळा वर्षांची असल्याने चालत नसेन, तर माझ्या नावातलं मधलं नाव सज्ञान आहे.

हा अर्ज आज सकाळी चहाच्या वेळी आई-पप्पांना वाचून दाखवला. नाव लिहायला पप्पांची हरकत नाही. सहीच्या खालचा मजकूर तेवढा वाचलेला नाही.

उत्तर गुरुवारच्या आत द्यावं, म्हणजे बँकेतल्या काकांना कळवता येईल.

आपली नम्र,
राजनंदिनी कृष्णात शेडगे
इयत्ता दहावी ब

सोबत : फलकावरील सूचनेची हाताने केलेली नक्कल.

प्रत माहितीसाठी : आई व पप्पा, घरी. कळविण्यात येते की, उत्तर येवो न येवो, येत्या गुरुवारी मी पायरीवर बसणार नाही. माझ्या चपला पप्पांच्या चपलांशेजारी सरळ लावून आत बसणार आहे. पप्पा थांबले की मी "नमस्कार, कृष्णात" म्हणणार. आईने रागावू नये.